बिल्डला भलताच पायथन सापडतो तेव्हा: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या स्क्रीनवर असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- टर्मिनलमध्ये पायथन व्यवस्थित चालतो, पण सीमेक किंवा मेसन (कोडपासून प्रोग्राम बांधण्याची, म्हणजे बिल्डची साधनं) म्हणतो की तो सापडतच नाही.
- कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्डच्या आधीच्या तयारीत, छापून येणारी आवृत्ती आणि टर्मिनलमध्ये दिसणारी आवृत्ती वेगळी असते.
- 'पायथन डॉट एच' ही हेडर फाइल मिळत नाही म्हणून कंपायलर थांबतो.
- बिल्ड शेवटपर्यंत पोचतो, पण तयार झालेलं मॉड्यूल इम्पोर्ट केलं की 'असं मॉड्यूलच नाही' हे उत्तर येतं.
- विंडोजवर बिल्ड ९००९ या एक्झिट कोडनं पडतो आणि 'पायथन सापडला नाही, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या' अशा अर्थाचा संदेश येतो.
- विंडोजवर डीबग बिल्डमध्ये लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) 'पायथन३११_डी डॉट लिब' अशी, नावाच्या शेवटी 'डी' असलेली लायब्ररी मागतो.
- मॅकवर 'इन्कम्पॅटिबल आर्किटेक्चर' असा एरर येतो.
- कालपर्यंत चालणारा बिल्ड पायथन अपडेट झाल्यावर 'डिस्टयूटिल्स' (पॅकेज बांधण्याचं पायथनमधलं जुनं मॉड्यूल) नाही म्हणून बंद पडतो.

हा दोष मी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर इतक्या वेळा सोडवलाय की आता पहिला प्रश्न ठरलेला आहे: बिल्डला नेमका कोणता इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथन, सापडलाय? बहुतेक वेळा बिल्डच्या हाती एक पायथन लागलेला असतो आणि तुमच्या मनातला दुसराच असतो. म्हणून एरर दिसल्या दिसल्या आणखी एक पायथन इन्स्टॉल करू नका. मशीनवर चार असतील तर पाच होतील, शोधणाऱ्यासमोर आणखी एक उमेदवार उभा राहील आणि तुम्ही आगीतून फुफाट्यात पडाल.

दुसरी गोष्ट मनात पक्की ठेवा. सी किंवा सी++ मधलं एक्स्टेंशन, म्हणजे पायथनमधून इम्पोर्ट होणारं मॉड्यूल, बांधताना नुसता इंटरप्रिटर पुरत नाही. इंटरप्रिटर, त्याच्या हेडर फाइल्स आणि जिथे लागते तिथे त्याची लायब्ररी, या तिन्ही एकाच इन्स्टॉलेशनच्या, एकाच आवृत्तीच्या आणि एकाच आर्किटेक्चरच्या असाव्या लागतात. एक इथून आणि एक तिथून उचललं गेलं की एरर कुठे उमटेल याचा भरवसा नाही.

१. सापडलाय कोण ते आधी वाचा

फुकटची तपासणी. कॉन्फिगरच्या लॉगमध्ये 'फाउंड पायथन३' अशी ओळ शोधा. तिच्यात पूर्ण पाथ आणि आवृत्ती असते. लोक शेवटची लाल ओळ वाचतात आणि ही ओळ सोडून देतात, पण निम्मा दोष इथेच उघडा पडतो.

मग मशीनवर एकूण किती पायथन आहेत ते मोजा. लिनक्स आणि मॅकवर बॅश किंवा झेडशेलमध्ये 'टाइप' ही कमांड हायफन-ए लावून पायथन३ या नावावर चालवा. पाथमधले, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीतले, सगळे दिसतील. विंडोजवर 'व्हेअर' कमांड आहे. शिवाय 'पीवाय' लाँचर असेल तर त्याला हायफन-शून्य-पी दिलं की तो नोंदलेल्या सगळ्या पायथनची पाथसकट यादी देतो.

शेवटी खुद्द पायथनलाच विचारा: सिस मॉड्यूलमधलं 'एक्झिक्युटेबल', 'प्रीफिक्स' आणि 'बेस_प्रीफिक्स' छापून बघा. शेवटचे दोन वेगळे आले तर तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एखाद्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये आहात. पायएन्व्ह (पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरत असाल तर शेलला फक्त मधली शिम स्क्रिप्ट दिसते. खरा पाथ 'एक्झिक्युटेबल'मधूनच कळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सगळ्यांत जास्त वेळ तोच खातो. 'पाथमध्ये माझा पायथन पहिला आहे, म्हणजे बिल्डलाही तोच मिळणार' असं आपण धरून चालतो. सीमेकच्या पायथन शोधणाऱ्या मॉड्यूलचा क्रम तसा नाही. विंडोजवर ते मुळात आधी रजिस्ट्री बघतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नंतर. मॅकवर ते आधी फ्रेमवर्क बघतं, म्हणजे अधिकृत इन्स्टॉलरनं लायब्ररीच्या फ्रेमवर्क फोल्डरमध्ये ठेवलेला पायथन तुमच्या होमब्रू या पॅकेज मॅनेजरनं आणलेल्या पायथनच्या पुढे जाऊ शकतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू असेल तर त्याला अग्रक्रम असतो, पण त्यालाही अट आहे. ती पाचव्या तपासणीत सांगतो.

२. जुनी कॅशे काढा

सीमेक एकदा शोधलेलं 'सीमेककॅशे' या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुढच्या वेळी तो नव्यानं शोधायला जात नाही. तुम्ही मधल्या काळात एन्व्हायर्नमेंट बदललं, पाथ बदलला, काहीही केलं, तरी जुना पायथन जागेवर असेल तर तोच वापरला जातो. 'सगळं करून पाहिलं, काहीच फरक पडत नाही' असं कुणी म्हणालं की मी सगळ्यांत आधी याच फाइलकडे वळतो.

फाइल उडवण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. मग बिल्डचा फोल्डर नवा करा, किंवा सीमेक ३.२४ वा पुढचा असेल तर 'फ्रेश' हा पर्याय देऊन कॉन्फिगर करा. मेसनमध्ये सेटअपला 'वाइप' हा पर्याय आहे. ऑटोटूल्सवर (कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि मेक वापरणारी जुनी बिल्ड पद्धत) आधारित प्रकल्पात 'डिस्टक्लीन' करून कॉन्फिगर स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

कॅशेचा एक फसवा प्रकार पिपमुळे, म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या साधनामुळे होतो. पिप पॅकेज बांधताना एक तात्पुरतं, वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार करतो आणि काम झालं की पुसून टाकतो. बिल्डचा फोल्डर कायमचा असेल तर त्याच्या कॅशेत त्या पुसलेल्या फोल्डरचे पाथ राहतात. पहिला बिल्ड यशस्वी, दुसरा 'फाइलच नाही' म्हणून पडला, आणि एररमधल्या पाथमध्ये 'पिप-बिल्ड-एन्व्ह' दिसलं, तर कारण हेच समजा. तात्पुरत्या एन्व्हायर्नमेंटचा दुसरा परिणाम असा की तुमच्याकडे नमपायसारखं पॅकेज इन्स्टॉल असूनही बिल्डला ते दिसत नाही. ते प्रकल्पाच्या 'पायप्रोजेक्ट' फाइलमधल्या बिल्डच्या गरजांमध्ये लिहावं लागतं, किंवा 'नो-बिल्ड-आयसोलेशन' हा पर्याय द्यावा लागतो.

३. बिल्ड कोणाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतोय?

टर्मिनलमधला पाथ आणि बिल्डला मिळणारा पाथ एकच असेल असं नाही. सुडो (ॲडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणं) लावलं की बहुतेक लिनक्सवर पाथ सुरक्षित ठरावीक यादीवर परत जातो आणि सुरू असलेलं एन्व्हायर्नमेंट गळून पडतं. बिल्ड साध्या वापरकर्त्यानं केला आणि 'मेक इन्स्टॉल' सुडोनं केलं, त्यात काही बदल दिसून पुन्हा कॉन्फिगर झालं, की सिस्टमचा पायथन मध्ये घुसू शकतो. मॅकवर डॉकमधून उघडलेला एडिटर तुमची शेल प्रोफाइल वाचतोच असं नाही. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ तर अगदी तोकडा असतो.

तपासायची रीत सोपी आहे: ज्या ठिकाणून बिल्ड चालतो त्याच ठिकाणून पाथ छापून घ्या. सोबत 'पायथनहोम' आणि 'पायथनपाथ' ही व्हेरिएबल कुणी सेट केलेली नाहीत ना, तेही बघा. पायथनहोम चुकीचं असेल तर इंटरप्रिटर सुरू होतानाच कोसळतो आणि बिल्ड सिस्टम त्याचा अर्थ 'पायथन नाही' असा लावते. बॅश कमांडची जागा लक्षात ठेवतो, त्यामुळे नुकताच नवा पायथन आला असेल तर 'हॅश' कमांड हायफन-आर लावून चालवा.

४. नावाखाली भलतंच काही नाही ना?

विंडोज १० आणि ११ मध्ये वापरकर्त्याच्या 'विंडोजॲप्स' फोल्डरमध्ये पायथन नावाची एक छोटी फाइल असते. पायथन इन्स्टॉल नसेल तर ती फक्त स्टोअरकडे बोट दाखवते. पाथमध्ये ती वर असली की बिल्डला 'पायथन आहे' असं वाटतं आणि चालवायला गेला की ९००९. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा आणि पायथनसमोरची दोन्ही बटणं बंद करा.

मॅकवर सिस्टमच्या बिन फोल्डरमधला पायथन३ हाही खरा इंटरप्रिटर नाही. तो एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्समधल्या पायथनकडे पाठवतो. ती टूल्स नसतील तर इन्स्टॉल करण्याची खिडकी उघडतो. आणि नुसतं 'पायथन' हे नाव मॅकओएस १२.३ पासून मिळत नाही, कारण ॲपलनं त्यात पायथन २.७ काढून टाकला. उबुंटू २०.०४ पासून तिथेही ते नाव आपोआप मिळत नाही. जुन्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये नुसतं 'पायथन' लिहिलेलं असेल तर ती स्क्रिप्ट दुरुस्त करणं हाच नीट उपाय. तात्पुरतं भागवायचं तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करा, त्यात दोन्ही नावं असतात.

स्क्रिप्टची पहिली ओळही बघा. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न असतो आणि लिनक्सवर 'एन्व्ह' त्या अदृश्य अक्षरासकट नाव शोधतो. एररमध्ये पायथन३ पुढे उलटी तिरकी रेघ आणि 'आर' दिसला तर ओळींचे शेवट बदला, विषय संपला.

५. अंदाज बांधू देऊ नका, पाथ हातानं द्या

इथवर दोष सापडला नसेल तर शोधाशोध बंद करा आणि बिल्डला स्पष्ट सांगा. तीनपेक्षा जास्त पायथन असलेल्या मशीनवर मी तर इथूनच सुरुवात करतो.

सीमेकमध्ये अडचण व्हेरिएबलच्या नावाची आहे. जुनं मॉड्यूल 'पायथन_एक्झिक्युटेबल' हे नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत वाचायचं. सीमेक ३.१२ मध्ये नवी मॉड्यूल्स आली. त्यांत फक्त पहिलं 'पी' मोठं असतं, बाकीचा 'पायथन' छोट्या अक्षरांत, आणि प्रकल्पानं पायथन३ मागितला असेल तर नावातही ३ यावा लागतो. ही तीन वेगवेगळी नावं आहेत आणि सीमेक अक्षरांचा लहानमोठेपणा पाळतो. चुकीचं नाव दिलं तर एरर येत नाही. अगदी शेवटी 'हातानं दिलेली ही व्हेरिएबल प्रकल्पानं वापरली नाहीत' अशी सूचना तेवढी येते. ती सूचना दिसली की आपला पाथ पोचलाच नाही हे नक्की. प्रकल्पाच्या 'सीमेकलिस्ट्स' फाइलमध्ये 'फाइंड_पॅकेज'पुढे काय लिहिलंय ते बघून नाव ठरवा. जुनं मॉड्यूल ३.१२ पासूनच कालबाह्य ठरवलेलं आहे आणि ३.२७ च्या नव्या धोरणाखाली ते मिळतही नाही.

आता ती राहिलेली अट. शोधण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत सगळ्या जागा धुंडाळून सर्वांत नवी आवृत्ती निवडली जाते. दुसरीत क्रमानं जाताना चालण्यासारखा पहिला जो भेटेल तो घेतला जातो. प्रकल्पानं किमान सीमेक ३.१५ पेक्षा जुना मागितला असेल तर पहिली पद्धत लागू होते, मग तुमच्या मशीनवर सीमेक कितीही नवा असो. परिणाम असा की एन्व्हायर्नमेंटमध्ये ३.१० असेल आणि सिस्टमवर ३.१३, तर बिल्ड ३.१३ उचलू शकतो. उपाय: 'फाइंड_स्ट्रॅटेजी' हे व्हेरिएबल 'लोकेशन' करा, किंवा 'फाइंड_व्हर्च्युअलएन्व्ह'ला 'ओन्ली' द्या म्हणजे एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर बघितलंच जाणार नाही. विंडोजवर रजिस्ट्री आड येत असेल तर 'फाइंड_रजिस्ट्री'ला 'नेव्हर' द्या. या सगळ्यांच्या आधी प्रकल्पानुसार पायथन किंवा पायथन३ हे नाव लागतं.

मेसनचं वागणं वेगळं आहे. प्रकल्पानं विशिष्ट पायथन मागितला नसेल तर ज्या पायथनवर मेसन स्वतः चालतोय तोच घेतला जातो. मेसन पिपएक्सनं इन्स्टॉल केला असेल तर तो पिपएक्सच्या खासगी एन्व्हायर्नमेंटमधला पायथन असतो, तुमचा नाही. मेसन तुमच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्या, किंवा नेटिव्ह फाइलच्या 'बायनरीज' भागात पायथनचा पाथ लिहा.

ऑटोटूल्समध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवताना 'पायथन' हे व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत दिलं की पुरतं. नोड-जिप (नोडची सी++ मॉड्यूल्स बांधणारं साधन) हाही तेच व्हेरिएबल मानतो.

तरीही भलताच सापडत असेल तर सीमेकला 'डीबग-फाइंड' हा पर्याय द्या, तो ३.१७ पासून आहे. कुठे कुठे शोधलं, कोणत्या क्रमानं, काय टाकून दिलं, सगळं छापतो. मजकूर लांबलचक असतो, पण एकदा सावकाश वाचाच. एका वाचनात जेवढं कळतं तेवढं दहा अंदाजांतून कळत नाही.

६. हेडर आणि लायब्ररी

पायथन बरोबर सापडला, तरी हेडर नाही? डेबियन आणि उबुंटूवर ते 'पायथन३-डेव्ह' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, फेडोरावर 'पायथन३-डेव्हेल'मध्ये. आवृत्ती जुळलीच पाहिजे: बिल्डला ३.११ दिला असेल आणि सिस्टमचा मूळ पायथन ३.१२ असेल तर नुसतं डेव्ह पॅकेज ३.१२ चे हेडर आणेल. 'सिसकॉन्फिग' मॉड्यूलला 'गेट_पाथ्स' विचारून त्यातला 'इन्क्लूड' छापा आणि त्या फोल्डरमध्ये 'पायथन डॉट एच' खरोखर आहे का बघा.

लायब्ररीच्या बाबतीत आधी ठरवा की ती लागते का. पायथनमधून इम्पोर्ट होणाऱ्या एक्स्टेंशनला लिनक्स आणि मॅकवर पायथनच्या लायब्ररीशी लिंक व्हायची गरज नसते. आपल्या प्रोग्रामच्या पोटात पायथन बसवायचा असेल तर ती लागते. सीमेक ३.१८ पासून या दोन गरजा 'डेव्हलपमेंट डॉट मॉड्यूल' आणि 'डेव्हलपमेंट डॉट एम्बेड' अशा वेगळ्या मागता येतात. मेनीलिनक्सच्या (अनेक लिनक्सवर चालणारी पॅकेजं बांधण्याच्या) कंटेनरमध्ये एम्बेड करण्याची लायब्ररी मुद्दामच नसते. तिथे प्रकल्पानं नुसतं 'डेव्हलपमेंट' मागितलं की शोध फसतो, म्हणून फक्त मॉड्यूल मागा. पायएन्व्हचा पायथन शेअर्ड लायब्ररीशिवाय बांधलेला असू शकतो. तसं असेल आणि एम्बेड करायचं असेल तर तो 'इनेबल-शेअर्ड' देऊन पुन्हा बांधावा लागतो.

विंडोजवरची शेवटी 'डी' असलेली लायब्ररी ही वेगळी गोष्ट. डीबग बिल्डमध्ये पायथनचे हेडर स्वतःच लिंकरला ती लायब्ररी मागायला लावतात, आणि साध्या इन्स्टॉलेशनमध्ये ती नसते. इन्स्टॉलरमध्ये डीबग बायनरीज घेण्याचा पर्याय आहे. पण तुम्हाला फक्त स्वतःचा कोड डीबग करायचा असेल तर 'रेलविथडेबइन्फो' हा बिल्ड प्रकार घ्या, काम भागतं.

७. आर्किटेक्चर आणि आवृत्तीचा शिक्का

बिल्ड झाला पण इम्पोर्ट होत नाही, तेव्हा तयार फाइलचं नाव वाचा. लिनक्सवर त्यात 'सीपायथन-३११-एक्स८६_६४' असा शिक्का असतो, विंडोजवर 'सीपी३११-विन_एएमडी६४'. चालवणारा पायथन ३.१२ असेल तर तो ३११ च्या फाइलकडे बघतही नाही आणि 'असं मॉड्यूलच नाही' म्हणतो. फाइल डोळ्यांसमोर असते, म्हणून माणूस चक्रावतो.

मॅकवर या नावात आर्किटेक्चर नसतं, नुसतं 'डार्विन' असतं. तिथे 'फाइल' कमांडनं आत काय आहे ते बघा. ॲपल सिलिकॉनच्या मशीनवर जुना इंटेलचा होमब्रू राहून गेलेला असणं हे नेहमीचं कारण: नवा 'ऑप्ट'खाली बसतो, जुना 'यूएसआर-लोकल'खाली. टर्मिनल रोझेटामध्ये (इंटेलचे प्रोग्राम ॲपल सिलिकॉनवर चालवणारी सोय) उघडलं असेल तर 'यूनेम' हायफन-एम लावल्यावर एक्स८६_६४ दाखवतो.

८. आवृत्ती पुढे गेली, बिल्ड मागे राहिला

डिस्टयूटिल्स पायथन ३.१२ मधून काढून टाकलं गेलं, आणि त्याच आवृत्तीपासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. जुना नोड-जिप, जुन्या सेटअप स्क्रिप्ट, सगळे एकदम पडले ते यामुळे. आधी बिल्डचं साधन अपडेट करा. जमत नसेल तर सेटअपटूल्स इन्स्टॉल करा. त्यात डिस्टयूटिल्सची जागा घेणारा कोड असतो. तेही नाही चाललं तर ३.११ चं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून त्याचा पाथ हातानं द्या.

पायथनपुरतंच हे नाही, बरं का. विंडोजवर ओपनएसएसएल व्हिज्युअल सी++ नं बांधताना पर्ल लागतो, आणि गिटसोबत आलेला पर्ल पाथमध्ये आधी असला की कॉन्फिगर तक्रार करतो: हा पर्ल विंडोजसारखे पाथ देत नाही. तिथे स्ट्रॉबेरी पर्ल पुढे आणायचा. इंटरप्रिटर वेगळा, पण तपासण्या आणि त्यांचा क्रम हाच.

कुठे थांबायचं

लिनक्सवर सिस्टमच्या पायथन३ ची लिंक बदलायचा मोह झाला तर तिथेच थांबा. अनेक वितरणांची पॅकेज व्यवस्था त्याच पायथनवर चालते. लिंक आधीच बदलली असेल आणि आता ॲप्ट 'एपीटी_पीकेजी नाही' म्हणत असेल तर आणखी प्रयोग न करता सिस्टम ॲडमिनला बोलवा. सर्व्हर चालू वापरातला असेल तर नक्कीच.

क्रॉस-कंपाइल करत असाल, म्हणजे एका आर्किटेक्चरवर बसून दुसऱ्यासाठी बांधत असाल, तर इंटरप्रिटर या मशीनचा आणि हेडर त्या मशीनचे लागतात. वरच्या तपासण्या तिथे अर्ध्याच उपयोगी, कारण सिसकॉन्फिग तुम्हाला या मशीनची उत्तरं देईल. टूलचेन फाइल (कोणता कंपायलर आणि कोणतं लक्ष्य मशीन ते सांगणारी) ज्यानं लिहिली त्या बिल्ड इंजिनियरकडे जा. ती फाइल अंदाजानं बदलली तर बिल्ड होईल आणि समोरच्या उपकरणावर पडेल.

सगळं जुळत असूनही इम्पोर्ट करताना सेगमेंटेशन फॉल्ट येत असेल तर तो शोधाचा दोष राहिलेला नाही. तो एबीआय (बांधलेल्या फाइलींची आपापसातली जुळणी) किंवा मेमरीचा आहे आणि डीबगर हाताळणारा माणूस हवा. प्रकल्पाच्या सीमेकलिस्ट्समध्येच एखाद्याच्या घरच्या मशीनचा पाथ लिहून ठेवलेला सापडला तर तुमच्या बाजूनं तो चुकवत बसू नका, प्रकल्प सांभाळणाऱ्यांना कळवा.

मदत मागताना या गोष्टी सोबत द्या: कॉन्फिगरचा पूर्ण लॉग, एक्झिक्युटेबल आणि दोन्ही प्रीफिक्सची किंमत, सिसकॉन्फिगचे पाथ, सीमेक किंवा मेसनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टम आणि आर्किटेक्चर, आणि दुसऱ्या तपासणीत बाजूला ठेवलेली कॅशेची प्रत. ती प्रत विसरू नका. नवा कॉन्फिगर झाल्यावर आधी काय सापडलं होतं याची नोंद फक्त तिच्यातच उरलेली असते.